दोन दिवसांचं बाळकडू

विट्यात त्या वर्षी दुपारचं जेवण वेळेवर व्हायला लागलं आणि ते कशामुळे, हे पहिले तीन महिने कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

ध्यानात आलं ते देशमाने सरांच्या. सर म्हणजे चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस. दोन गोष्टी सारख्या दिसल्या की तिसरी हुडकल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. फेब्रुवारीतल्या एका सकाळी ते आपला कॉम्प्युटर टॉवेलात गुंडाळून वनिता सपकाळच्या दुकानात घेऊन आले आणि काउंटरवर ठेवून म्हणाले, "वनिताताई, हे तुमचं मशीन मला उलट बोलतं."

"काय बोलतं?"

"नातीसाठी एक समीकरण सोडवायला सांगितलं. तर म्हणालं, सर, हे तुम्हाला येतं, उगाच मला कामाला लावू नका."

"बरोबरच बोललं की."

"बरोबर बोललं म्हणून तर राग आला," सर म्हणाले. "आणि दुसरं. पाऊण वाजला की ते मंद होतं. म्हणतं, आधी जेवून घ्या, मग बघू. एकट्या माझंच असं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण शेजारी सायरा मुजावरचं मशीन पाऊणलाच हे म्हणतं. कोपऱ्यावरच्या गोसाव्यांच्या किराणा दुकानातलंही. तिन्ही तुमच्या दुकानातली."

वनिताने हसण्यावारी नेलं. पण सर गेल्यावर तिचा हात स्क्रू ड्रायव्हरवर उगाच थांबला. कारण 'आधी जेवून घेऊ, मग बघू' हे वाक्य ती स्वतः गेली तीस वर्षं रोज पाऊण वाजता म्हणत आली होती.

वनिताचं दुकान स्टँडच्या मागच्या गल्लीत. पाटीवर नाव 'कसोटी कॉम्प्युटर्स'. नाव तिच्या नवऱ्याने, संपतरावांनी दिलेलं. संपतराव गलाईवाले. गलाई म्हणजे सोनं गाळून चोख करायचा धंदा. या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्यासाठी देशभर पांगलेली. संपतरावांनी उमेदीची वर्षं कोइमतूरला घालवली आणि शेवटची काही वर्षं मोडीत निघालेल्या कॉम्प्युटरच्या सर्किटच्या पट्ट्यांमधून सोनं काढलं. त्या पट्ट्या हाताळता हाताळता वनिता त्या दुरुस्त करायला शिकली. नवरा गाळायचा आणि बायको जिवंत करायची. त्यावरून दोघांचं जे जुंपायचं ते विट्याला परत आल्यावरही थांबलं नव्हतं. संपतरावांचं मत एकच: "कॉम्प्युटर म्हणजे गुंजभरही सोनं नसलेली भानगड."

वनिताची मतं मात्र पुष्कळ, आणि ती गावाला तोंडपाठ होती. पंखा वाजतोय तर वाजू दे, चालतंय तोवर चालवायचं. नवीन घेण्याआधी जुन्यातली धूळ काढायची. इंटरनेट बाजाराला जाण्यापुरतं, बाजारात बिऱ्हाड करायचं नाही. आणि सगळ्यात मोठं, जे ती छपाईचा कागद घ्यायला आलेल्यालाही ऐकवल्याशिवाय जाऊ देत नसे: "ज्या मशीनचं झाकण मला उघडता येत नाही ते माझं नाही, मीच त्याची."

इथं जरा थांबून या मशीनचं सांगायला हवं. जुन्या कॉम्प्युटरात विचार करायची जागा एक आणि आठवण ठेवायची दुसरी. सगळी वीज या दोन जागांमधल्या हेलपाट्यांत जायची. माणसाचं बोलणं समजून उत्तर द्यायचं तर असे अब्जावधी हेलपाटे. ते घरच्या मशीनला झेपत नसत, म्हणून ते काम लांबच्या कुठल्या अवाढव्य केंद्रात व्हायचं आणि उत्तर इंटरनेटवरून घरी यायचं. नेट गेलं की मशीन मुकं. मग सहा-सात वर्षांपूर्वी नव्या चिपा आल्या. यांत धातूच्या ऑक्साइडचा एक थर असतो, केसाच्या हजाराव्या हिश्श्याहून पातळ. त्यातून वीज गेली की त्या जागचा अडथळा थोडा कमी होतो आणि वीज बंद केली तरी तो कमीच राहतो. माळावरून माणसं चालली की पायवाट पडते, आणि वाट पडली की पुढची माणसंही तिथूनच जातात, तसं. वाट हीच आठवण आणि चालणं हाच विचार, दोन्ही एका जागी. नेट असो नसो, मशीन घरच्या घरी समजू लागलं. लोक या चिपेला 'मळवाट' म्हणू लागले. आणि ज्याच्या हाताखाली ती राबेल त्याच्या वळणाची होत गेली.

मळवाटेची मशीनं दोन तऱ्हेची. एक कंपनीचं, मोहोरबंद डब्यातलं. ते महिन्यातून एकदा नेटवरून सगळ्या वाटा सपाट करून कंपनीच्या नकाशाप्रमाणे पुन्हा आखायचं. दुसरं खुलं. त्याचा आराखडा आणि सॉफ्टवेअर सगळ्यांना वाचायला मोकळं, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं, हवं तसं बदला. वनिता खुली मशीनं जुळवायची. आतापर्यंत तीनशेच्या वर जुळवून दिली होती. गेल्या दिवाळीत त्यांच्यासाठी नवं सॉफ्टवेअर आलं आणि तोवर विचारल्याशिवाय न बोलणारी मशीनं आपणहून बोलू लागली.

आणि वनिताची एक रीत होती. दुकानातून कुठलंही मशीन दोन दिवस बाकावर राबवल्याशिवाय बाहेर जायचं नाही. रीत संपतरावांच्या धंद्यातली. कसाला लावल्याशिवाय सोनं गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही. मशीनमध्ये खोट असली तर ती दोन दिवसांच्या तापण्यात वर येते. ते दोन दिवस ती त्या मशीनशी बोलायची, त्याला कामं सांगायची, चुकलं की झापायची आणि पाऊण वाजला की डबा उघडायची.

सर येऊन गेले त्याच दुपारी पाऊणला पाच कमी असताना वनिता सायरा मुजावरच्या शिलाईच्या दुकानात जाऊन उभी राहिली. सायराचे ब्लाउज खानापूरपर्यंत नावाजलेले. बाई दारातून आत येतायेताच मशीन तिच्या खांद्याचा उतार ओळखायचं आणि त्याप्रमाणे काप आखून द्यायचं. चार वर्षांत सायराने त्याला तेवढं तयार केलं होतं.

"पंखा लई वाजतोय ताई," सायरा म्हणाली. "नवा मागवू का?"

वनिताने तोंड उघडायच्या आत मशीन बोललं. "वाजतोय तर वाजू दे. चालतंय तोवर चालवायचं." आणि घड्याळात पाऊण होताच: "सायराताई, आधी जेवून घ्या, मग बघू."

आवाज कारखान्यातून येतो तो साधाच होता. बोलणं वनिताचं होतं. ती एक पाऊल मागं सरली.

"अहो, घाबरताय काय," सायरा हसून म्हणाली. "मला वाटलं तुम्हीच असं भरून देताय."

घरी संपतराव ताटावर वाट बघत होते. वनिताने झालेलं सगळं सांगितलं. ते भाकरी मोडायचे थांबले आणि मग इतकं हसले की त्यांना ठसका लागला.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," ते म्हणाले, "आपण कोरडे पाषाण. अख्ख्या विट्यात तुझं डोकं वाटून आलीस की गं."

एरवी वनिताने उलट चार शब्द ऐकवले असते. आज तिने नुसतं ताट पुढं ओढलं. संपतरावांच्या लक्षात आलं आणि त्यांचं हसू ओसरलं. दोघांनाही एकच दिवस आठवला होता.

पाच वर्षांपूर्वी त्यांच्या एकुलत्या एक मुलीने, प्रांजलने, त्या मोहोरबंद डबेवाल्या कंपनीत कोइमतूरला नोकरी धरली. इंजिनिअर पोरगी, तमिळ मातृभाषेसारखी बोलणारी. तिला तिथं आनंदच होता. वनिताने विट्याच्या स्टँडवर, गाडी लागलेली असताना, चार लोकांत तिला सुनावलं होतं. "लोकांच्या घरात परक्याचं डोकं बसवायचा धंदा आहे तो. आपण चोख माल देणारी माणसं." प्रांजल पाठ फिरवून गाडीत बसली. तेव्हापासून तिचा फोन संपतरावांना यायचा. दोघी एकमेकींची खुशाली संपतरावांमार्फत विचारायच्या आणि ते बिचारे इकडचं तिकडे नेऊन पोचवायचे.

"आता तिला काय तोंड दाखवू," वनिता म्हणाली. "मी तिला जे बोलले तेच मी करत होते. कंपनी निदान महिन्याला पुसते तरी."

"तोंड दाखवू नको, फोन कर," संपतराव म्हणाले. "चिपेतल्या थराचं काम तिचंच आहे ना. सोनारानंच कान टोचलेले बरे."

वनिताने हात धुतले, दोनदा पुसले आणि फोन लावला. पाच वर्षांनी लेकीचा आवाज थेट कानात आला. मग तिने मशीनचं सांगितलं. माफीचं काही बोलली नाही. ते तिला जमायचं नाही. फक्त शेवटी म्हणाली, "तुझ्यापेक्षा मी वेगळं काही केलेलं नाही, असं दिसतंय."

मग प्रांजल म्हणाली, "शनिवारी येते." तिला नवल वाटल्याचं काही दिसलं नाही, पण वनिताला तेव्हा ते जाणवलं नाही.

शनिवारी सकाळी प्रांजल कराडच्या गाडीने उतरली. पाठीवर एक मोठी सॅक, केस कापलेले, डोळ्यांखाली आईसारखीच काळी वर्तुळं. उंबऱ्यावर वनिता म्हणाली, "बारीक झालीस." प्रांजल म्हणाली, "तू जाड झालीस." तेवढ्यावर भागलं. चहा पिऊन दोघी दुकानात गेल्या.

देशमाने सरांचं, सायराचं आणि गोसाव्यांचं अशी तीन मशीनं आणवली होती. प्रांजलने आपलं मोजायचं यंत्र जोडून प्रत्येक चिपेतून अगदी बारीक वीज सोडली आणि कुठल्या वाटेला किती अडथळा आहे ते पडद्यावर उमटवलं. वरच्या वाटा तिन्हींच्या वेगळ्या होत्या. सायराच्या चिपेत एका बाजूला दाट जाळं, सरांच्यात दोन-तीन लांबलचक सरळ रेषा. पण तळाशी तिन्हीत एकच आकृती होती.

"ही तू," प्रांजल म्हणाली.

वनिता त्या आकृतीकडे बघत राहिली. आपण इतक्या आडव्या-तिडव्या असू असं तिला वाटलं नव्हतं.

"नव्या चिपेचा थर पहिले चाळीस-पन्नास तास फार मऊ असतो," प्रांजल सांगू लागली. "त्या वेळी पडलेली वाट सगळ्यात खोल जाते. पुढं मालकानं काहीही केलं तरी तो चालतो त्याच वाटांच्या आधारानं. शब्द तुझे पाठ झालेत असं नाही. कल तुझा लागलाय. कधी थांबायचं, कशाला नाही म्हणायचं, कुणाला झापायचं."

"बाळकडू," दारात बसलेले संपतराव म्हणाले.

"कंपनीला हे माहीत होतं?" वनिताने विचारलं.

"होतं. म्हणून तर आम्ही महिन्याला सपाट करतो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुमच्या खुल्या लोकांनी विचारलं नाही. तुमचं सॉफ्टवेअर सगळं वाचता येतं आई, पण हे सॉफ्टवेअरमध्ये नाहीच. हे थरात आहे. झाकण उघडलं तरी दिसत नाही." प्रांजल जरा थांबली. "आणि एक सांगू का? आमचं मशीन ज्यांना हवंय त्यांनाही अक्कल आहे. सगळ्यांना स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायची हौस नसते. काहींना फक्त शेजारणीच्यासारखंच चालणारं मशीन पाहिजे असतं."

पाच वर्षांपूर्वी वनिता यावर तासभर बोलली असती. आज तिने विचारलं, "हे तळाचं काढता येतं का?"

"एकटं नाही. वरचं सगळं त्यावर उभं आहे. पुसायचं तर पूर्ण पुसायचं, मालकाच्या चार-पाच वर्षांसकट. मग थर पुन्हा नव्यासारखा मऊ."

वनिताने सायराच्या मशीनकडे बघितलं. पुसलं तर सायराचं ते दाट जाळं जाणार. न पुसावं तर वनिता सपकाळ तीनशे घरांत न विचारता बसलेली राहणार. इतकी वर्षं गावाने तिच्या हातातून मशीन घेताना कधी पावती तपासली नव्हती. तो विश्वास हीच तिची सगळी कमाई, आणि आता ती जायची वेळ आली होती.

"त्रास तर कुणालाच नाही," संपतराव म्हणाले. "उलट वेळेवर जेवतायत. मूग गिळून बस की."

"आणि कसोटी कुणाच्या नावाची?" वनिता म्हणाली. "तुम्ही पितळ निघालेलं सोनं कधी गुपचूप दिलं होतं का?"

संपतरावांनी मान हलवली. तो प्रश्न त्यांना पुरेसा होता.

त्याच संध्याकाळी वनिताने फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं आणि फळा दुकानाच्या दारात लावला: 'माझ्या दुकानातलं प्रत्येक मशीन पहिले दोन दिवस मी राबवलं आहे. त्याला माझ्या सवयी लागल्या आहेत. हे मला माहीत नव्हतं, पण माहीत असायला हवं होतं. पुसून पाहिजे असेल त्यांनी यावं. पुसल्यावर तुमचं शिकवलेलंही जाईल. न पुसता ठेवायचं तर जाणून ठेवा. वनिता सपकाळ.' खाली प्रांजलने तळाची आकृती काढून दिली. सगळ्यांनी बघावं म्हणून.

रविवारी सकाळपासून लोक जमू लागले. वनिता काउंटरमागे अशी बसली होती की जणू तिचाच निकाल लागायचा आहे. गाव बोलायला लागलं की ऐकून घ्यायचं, उलट बोलायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

पहिली आली गोसाव्यांची सून नूतन. "ताई, राग मानू नका," ती हळूच म्हणाली. "घरात सासूबाई आहेत आणि मशीनमध्ये तुम्ही. मला एकीलाच तोंड देता येतं. माझं पुसा."

वनिताला लागलं. पण तिने मशीन पुढ्यात घेतलं, उलटी वीज सोडून थर सपाट केला आणि नूतनला दाखवलं, पडदा पार कोरा झालेला. "आता बाकावर माझ्या जागी तू बस," ती म्हणाली. "दोन दिवस तूच राबव. पहिली वाट तुझीच पडू दे." नूतन दोन दिवस बाकावर येऊन बसली, डाळींच्या याद्या सांगत आणि मधूनच गाणी गुणगुणत.

देशमाने सर फळा तीनदा वाचून आत आले. "पुसू नका," ते म्हणाले. "उलट बोलणारा विद्यार्थी चाळीस वर्षांत मला मिळाला नव्हता. फक्त मला आधी सांगायला पाहिजे होतं. सांगितलंत, संपलं."

दिवसभरात अकरा जणांनी मशीनं पुसून घेतली, नूतन सोडून सगळ्यांनी ती घरीच राबवायला नेली. बाकीचे फळा वाचून, दोन शब्द टोचून, चहा पिऊन गेले. एकाने विचारलं की त्याच्या मशीनला बायकोला न झापायचं शिकवता येईल का. शेवटी सायरा आली, मापाची फीत गळ्यात तशीच.

"तुझं?" वनिताने विचारलं.

"माझं काय पुसताय," सायरा म्हणाली. "परक्याचं डोकं असतं तर पुसलं असतं. तुम्हाला मी ओळखते. पाऊण वाजता तुम्ही जेवायला सांगता, मी कधी जेवते, कधी नाही. माझ्या घरातली चावी कुणाकडे आहे तेवढं मला माहीत पाहिजे, एवढंच."

बाकाच्या टोकाला प्रांजल बसली होती. तिने मान वर करून आईकडे बघितलं. वनिताने नजर चुकवून काउंटर पुसायला घेतलं. काउंटर स्वच्छच होता. आणि तिला एकदम खूप भूक लागली होती.

सोमवारी नूतन जेवायला घरी गेल्यावर दुकानात निवांतपणा होता. प्रांजलने सॅकमधून आपलं मशीन काढलं आणि बाकावर कामाला बसली. रजा घेतली तरी कंपनीचं काहीतरी राहिलेलं होतं. वनिता शेजारी एका पट्टीचा सुटलेला सांधा झाळत होती.

घड्याळात पाऊण झाला. वनिता तोंड उघडणार तोच बाकावरून आवाज आला. "प्रांजल, आधी जेवून घे, मग बघू."

वनिताने झाळायचं यंत्र खाली ठेवलं. ती उठून प्रांजलच्या मशीनपाशी आली. डब्यावर एका कोपऱ्यात तिच्याच अक्षरातली चिठ्ठी होती, अर्धी उडालेली: 'बाकावर ठेवलं' आणि पाच वर्षांपूर्वीची तारीख. गाडी सुटली त्याच्या दोन दिवस आधीची. ते मशीन तिने तेव्हा आठवडाभर शोधलं होतं.

"हे तू नेलंस?"

"घरात आधीपासूनच भांडण चाललं होतं. निघताना काहीतरी उचलावंसं वाटलं." प्रांजल पडद्याकडे बघतच बोलत होती. "ऑफिसात कंपनीचंच वापरावं लागतं. हे मी घरी ठेवते. तेव्हा ते आपणहून बोलत नव्हतं, पण सुट्टीच्या दिवशी पाऊण वाजता मंद व्हायचं. नवीन भाग मागवायला गेले की पडद्यावर दोनदा विचारायचं. पहिल्या महिन्यातच मी थर मोजला."

"म्हणजे तुला पाच वर्षं माहीत होतं."

"हो."

"कंपनीत या मशीनचं सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर मोजायला हे मशीन मागितलं असतं."

"पुसलं नाहीस?"

"दर वेळी ठरवायचे. पप्पांच्या फोनवर मागून तुझा आवाज यायचा, तू मला न विचारता माझ्याबद्दल विचारायचीस, की मग फार राग यायचा. पुसायला घ्यायचे. मग पाऊण वाजायचा." प्रांजल आईकडे वळली. "आई, आपण पाच वर्षं बोललो नाही असं तुला वाटतंय. मी रोज भांडत होते तुझ्याशी. दिवाळीपासून तर तू उत्तरंही द्यायला लागलीस."

वनिताला भरून आलं. आणि खरं सांगायचं तर तिला त्या मशीनचा हेवाही वाटला. पोरीचं पाच वर्षांचं रागावणं, रडणं, कोइमतूरच्या खोलीतलं एकटं जेवण, हे सगळं ऐकायला ते मशीन होतं आणि आपण नव्हतो. तिने प्रांजलच्या कापलेल्या केसांवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच राहू दिला.

मग ती आत गेली आणि नव्याने जुळवलेलं एक मशीन आणून तिने प्रांजलसमोर ठेवलं. चिप कोरी होती.

"हे कुणाचं?"

"माझं. मी अजून जुन्यावरच आहे, त्यात मळवाट नाही. चालत होतं म्हणून बदललं नव्हतं." वनिता शेजारच्या स्टुलावर बसली. "दोन दिवस तू राबव."

"माझ्या सवयी लागतील त्याला."

"मालकाला माहीत आहे," वनिता म्हणाली. "मालकाची परवानगी आहे."

प्रांजल मंगळवार आणि बुधवार बाकावर बसली. मशीनशी बोलता बोलता आईशी बोलली, आईशी बोलता बोलता वाद घातला. कंपनी सोडणार नाही म्हणाली. थराचं मोजमाप मात्र सगळ्यांना कळलं पाहिजे, ते वरच्यांकडून मंजूर करून घेऊन उघडं करते म्हणाली. वनिताने तिला तीनदा अडवलं आणि तीनदा ऐकून घेतलं. दोन्ही दिवस जेवण मात्र दोघींचं उशिरा झालं, कारण प्रांजलला हातातलं काम संपल्याशिवाय उठवतच नसे. लहानपणापासूनच तसं. गुरुवारी सकाळी ती कराडच्या गाडीत बसली. वनिता खिडकीशी उभी राहिली आणि या वेळी चार लोकांत तिने फक्त "पोचल्यावर मला फोन कर" एवढंच म्हटलं.

दुकानात येऊन तिने नवं मशीन चालू केलं आणि कामाला लागली. मशीन चुरचुरीत होतं, जरा घाईचं. तिने पंखा वाजतोय म्हटल्यावर ते म्हणालं की नवा घे, इतकं काय त्याला जपतेस. वनिता त्याच्याशी वाद घालत घालत पट्ट्या तपासत राहिली. सकाळ कशी गेली ते तिला कळलंही नाही.

पाऊण वाजला. गल्लीतल्या दुकानांतून एकेक करून मशीनं आपापल्या मालकांना जेवायला उठवू लागली. वनिताने हात झटकले. "आधी जेवून घेऊ," ती म्हणाली, "मग बघू."

"दहा मिनिटं थांब ना आई," मशीन म्हणालं. "हातातलं एवढं होऊ दे."

वनिता अर्धवट उठली होती, ती परत खाली बसली. दारात संपतराव डबा घेऊन आले. भाकरी निवते म्हणाले, सगळ्या गावाला वेळेवर जेवायला घालून स्वतः उपाशी का म्हणाले.

"थांबा हो जरा," वनिता म्हणाली. "पोरीचं होतंय तेवढं, मग बसू."